सोबतचा रकाना

त्या बुधवारी बाबांनी मला दोनदा बोलावलं आणि दोन्ही वेळा मी हातातल्या पानांतून वेळेवर मान वर केली नाही.

पहिल्यांदा गाडीत. मी त्यांच्या शेजारी बसले होते, मांडीवर छपाईच्या पानांचा गठ्ठा, हातात लाल पेन. पुस्तकांची मुद्रितं तपासणं हा माझा उद्योग. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर माझं पोट चालतं. संध्याकाळपर्यंत चाळीस पानं हातावेगळी करायची होती. सर्व्हिस सेंटर जवळ आलं असेल-नसेल, तेवढ्यात बाबा म्हणाले, "बघ, बघ, गेले." मी ओळ संपवली, मग वर पाहिलं. डॅशबोर्डवरचे काटे जागच्या जागी होते.

"काय गेले?"

"आले परत," बाबा म्हणाले आणि त्यांनी वेग कमी केला.

गाडी घेऊन सहा महिने झाले नाहीत तोच हे सुरू झालं होतं. चालता चालता समोरचे सगळे काटे एकदम शून्यावर पडायचे, दिवे विझायचे, आणि चार सेकंदांत, काही झालंच नाही अशा थाटात, सगळं परत यायचं. एकदा भर चौकात इंजिनही बंद पडलं; बाबांनीच क्लच सोडला असेल, असं म्हणून मी पान उलटलं. गाडी वॉरंटीत होती. बाबांनी ती तीनदा नेऊन दाखवली आणि तिन्ही वेळा हातात एकच छापील कागद आला : दोष आढळला नाही.

बाबांनी पंपघरात तीस वर्षं नोंदवही ठेवली होती. निवृत्त झाल्यावर नोंदवायला पंप उरले नाहीत, तेव्हा त्यांनी गाडीची वही घातली. निळा पुठ्ठा, पट्टीने आखलेले रकाने — तारीख, निघालो, पोचलो, हवा, रस्ता, सोबत, दोष. दोष आला तरच नोंद, असं नाही. कोपऱ्यावरून दूध आणलं तरी एक ओळ भरायची. आई त्यावरून त्यांना खूप चिडवायची.

दुसऱ्यांदा त्यांनी मला बोलावलं ते सर्व्हिस सेंटरच्या काचेच्या खोलीत. तिथे थंडगार हवा होती, कॉफीचं यंत्र होतं आणि कुणीच न वाचलेली मासिकं होती. आतून एक माणूस आला. निळा डगला, छातीच्या खिशाला टेस्टर. विजेचं सगळं काम तोच बघायचा आणि त्याला तिथे सगळे टेस्टरच म्हणत. बाबा त्याला पाहून उठले आणि माझ्याकडे वळले.

"चल ना. दहा मिनिटं गाडीत बस. तू असलीस की..."

"बाबा, तीनदा बघितलंय त्यांनी," मी मध्येच म्हणाले. "असेल तुमचा भास."

बाबा म्हणाले, "बरं." वही काखेत धरून ते निघाले. टेस्टर एक क्षण मागे रेंगाळला, त्याने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी विचारणार होता — मग न विचारताच गेला. त्याचे डोळे चांगले आहेत हे माझ्या लक्षात आलं, आणि मी पुढची ओळ वाचायला घेतली.

पंधरा मिनिटांनी चौथा कागद मिळाला. परत येताना मला पानं पसरायची होती, म्हणून मी मागच्या सीटवर बसले. घरी पोचल्यावर बाबांनी गाडीतच बसून वही भरली.

शुक्रवारी सकाळी त्यांचा चहा टेबलावर निवून गेला. हाक मारायला गेलेली आई भिंतीला धरून परत आली. ते झोपेतच गेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय.

तीन आठवड्यांनी बाबांच्या फोनवर एक गोड आवाज आला. सरांना आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्यावेसे वाटतात? मी सांगितलं, सर वारले. मग त्याच गोडव्यात, "अरेरे. मग त्यांच्या वतीने तुम्ही द्याल का?" मी म्हणाले, शून्य. ती म्हणाली, शून्याला कारण लिहावं लागतं, त्यापेक्षा मी नऊ घालू का?

बाबा गेल्यापासून मी रडले नव्हते. त्या दिवशीही रडले नाही, पण कपाळाची शीर ठणकायला लागली आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. निदान काहीतरी ठणकत होतं.

आणखी एक गोष्ट होती, जी मी कुणाला सांगितली नव्हती. भेटायला येणाऱ्यांना मामा दारातच सांगायचा, "शेवटी शेवटी त्यांना भास व्हायला लागले होते." हे मामाला आईने सांगितलं होतं. आईला मी. बुधवारी, घरी आल्या आल्या, हसत हसत. आता तो शब्द गावभर झाला होता. तीस वर्षांत ज्यांची एक नोंद चुकली नाही, ते बाबा लोकांच्या तोंडी भास होणारे म्हातारे झाले होते. माझ्यामुळे.

वॉरंटी संपायला अठरा दिवस होते. आई म्हणाली, विकून टाक ती गाडी, मला ती दारात बघवत नाही. मी म्हणाले, विकू, पण आधी एक काम आहे.

सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि एवढं दिल्यावर बाकी काही द्यायचा त्याचा विचार दिसला नाही. तक्रार बंद झाली आहे, तो म्हणाला. पुन्हा उघडायची तर गाडीच्या मालकाची सही लागेल. मी सांगितलं, मालक गेले. त्याने मान खाली घालून दुःख व्यक्त केलं आणि मान वर करून फॉर्म माझ्याकडे सरकवला. सहीच्या चौकोनावर बोट ठेवलं. तरी इथे त्यांचीच लागेल, तो म्हणाला.

"मग तुम्हीच बोलवा त्यांना," मी म्हणाले. "मी हाक मारून बघितली. तुमच्या कंपनीचं ऐकत असतील तर बघा."

मागून कुणीतरी म्हणालं की तक्रार कारागिराच्या सहीनेही उघडते, नियमात आहे. टेस्टर दारात उभा होता. मॅनेजरने त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर मागच्या मागे गेला असता. त्याने येऊन सही केली.

त्याचे आभार मानायचे राहिले, कारण मी पिशवीतून चारही कागद काढून त्याच्यासमोर मांडले होते.

"या सह्या तुमच्याच ना?"

"माझ्याच."

"आढळला नाही म्हणजे शोधला होता?"

"चारही वेळा मिळून तासभर. एका गाडीला पंधरा मिनिटं मिळतात."

"मग तसं छापा ना. पंधरा मिनिटांत आढळला नाही."

मला वाटलं, तो हात वर करील, नाहीतर मॅनेजरकडे बोट दाखवील. तो कागदांकडे बघत राहिला. "छापायचं काय ते माझ्या हातात नव्हतं," तो म्हणाला. "सही करायची की नाही, ते होतं."

भांडायला आलेल्या माणसाला असं उत्तर देऊ नये. मी कागद गोळा करून परत पिशवीत ठेवले.

मग त्याने वही मागितली. मी म्हणाले, वही इथे राहणार नाही. वाचायची तर माझ्यासमोर वाचा. म्हणून जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपच्या मागच्या बाकावर आम्ही बसलो. मी म्हणाले, हात दाखवा. त्याने शाळेतल्या मुलासारखे दोन्ही तळवे पुढे केले. मी म्हणाले, परत धुवा. तो गेला, धुऊन आला. नखांच्या कडांना अजून काळं होतं. मी म्हणाले, परत. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते — आणि तो हसू दाबत होता.

"आता ऑपरेशन करायलाही चालेल," तो म्हणाला.

मी हसले नाही. पण वही दिली.

मी स्वतः पहिल्या पानाच्या पुढे गेले नव्हते. ते अक्षर मला बघवत नव्हतं. तो मात्र एकेक ओळ बोटाने वाचत होता, बोट कागदाला न टेकवता. डबा उघडायचं त्याच्या लक्षातही राहिलं नाही. एका पानावर तो थांबला. मी वाकून पाहिलं. बाबांनी समासात लिहिलं होतं — टेस्टर ऐकून घेतो. याला वेळ देत नाहीत.

त्याने पान उलटलं नाही. मीच उलटलं, तेव्हा माझी करंगळी त्याच्या ओल्या बोटांना लागली, आणि आम्ही दोघांनीही ते कळलंच नाही असं दाखवलं.

सुट्टी संपली तेव्हा त्याने विचारलं, पानांचे फोटो काढू का? मी हो म्हणाले. हे मी इतक्या सहज का म्हणाले, याचा मला नंतर घरी राग आला.

गाडी त्यांच्याकडे पाच दिवस राहिली. पाचव्या दिवशी मॅनेजरने मला बोलावून कागद दिला. दोष आढळला नाही. मी विचारलं, खाली सही का नाही? तो म्हणाला, आमच्या टेक्निशियनचं जरा डोकं फिरलंय, तुम्ही ते मनावर घेऊ नका. मी गाडी घेऊन घरी आले आणि संतापाच्या भरात घरातले सगळे कप घासले. आई म्हणाली, ते स्वच्छच होते. मी म्हणाले, असू देत.

पुढचे काही दिवस मी कंपनीच्या तक्रार खात्याला पत्रांवर पत्रं लिहिली आणि उत्तरादाखल आभारांवर आभार मिळाले. वॉरंटीचे दोन दिवस उरले तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला.

"तुमची उंची किती?"

आवाज ओळखू आला. मी म्हणाले, "हे विचारायला फोन केलात?"

"रागावू नका. कामाचं विचारतोय."

"पाच फूट नऊ. आणि तुमची?"

"माझी कामाची नाही," तो म्हणाला. मग जरा थांबून, "...सहा."

मग त्याने वहीतलं सांगायला सुरुवात केली. काकांनी दोष आलेल्या फेऱ्या लिहिल्यात, तसंच न आलेल्याही. त्याने दोन्हींची हवा ताडून पाहिली, रस्ते ताडून पाहिले, वेळा पाहिल्या. काही जुळेना. काल रात्री जेवता जेवता त्याने सोबतचा रकाना वाचला. जिथे 'एकटा' तिथे दोष नाही. जिथे 'ही', म्हणजे आई, तिथेही नाही. दोष आला तो एकोणीस वेळा, आणि एकोणीसच्या एकोणीस वेळा त्या रकान्यात एकच शब्द होता.

"कोणता?" मी विचारलं. मला कळलं होतं.

"लेक."

मी फोन कानाला धरून खुर्चीत बसले. बाबांचं तोडलेलं वाक्य पाच आठवडे माझ्या डोक्यात लोंबकळत होतं, ते आता पुरं झालं. तू असलीस की होतं.

"उद्या या," तो म्हणाला. "मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा. दहा मिनिटं."

त्यांच्याकडे नियम आहे की कोणतीही गाडी धुतल्याशिवाय वर्कशॉपात जात नाही. कालच धुतलेली असली तरी. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गाडीत बसलो असतानाच धुणाऱ्याने नळी सुरू केली. चारी काचांवरून पाणी वाहायला लागलं आणि बाहेरचं सगळं पुसलं गेलं. मी तपासते त्या पुस्तकांत अशा जागी हमखास पाऊस येतो. आम्हाला नळी मिळाली, आणि तिच्यामागे गमबूट घातलेला एक कंटाळलेला माणूस.

टेस्टरने विचारलं, "तुम्ही बसायच्या आधी काका काय करायचे?"

"सीट मागे सरकवायचे. पार शेवटपर्यंत. माझे गुडघे लागतात म्हणून." प्रत्येक वेळी. मी बाहेर उभी, आणि बाबा आत वाकून ती दांडी ओढताहेत.

"आणि इथे काय होतं, सांगू?" तो काचेवरच्या पाण्याकडे बघत म्हणाला. "गाडी आली की धुतात. आतून झाडायला सीटा पुढे ओढतात. त्या तशाच राहतात. मग मी एकटा बसून चक्कर मारून येतो. आम्ही दर वेळी दोष आधी पुढे सरकवून ठेवला आणि मग शोधला."

मी म्हणाले, "बाबांनी मला बोलावलं होतं. त्या दिवशी."

"माहीत आहे. मी तिथेच होतो."

"मग तुम्ही का नाही म्हणालात, की बसा म्हणून?"

त्याचा हात गिअरवर होता, माझा सीटच्या कडेला. "कारण मलाही वाटलं होतं की भास असेल," तो म्हणाला. "तुम्ही मोठ्याने म्हणालात. मी मनात."

पाणी थांबलं. तो मागे वळला नाही, मीही नाही. मी हात खाली घालून दांडी ओढली आणि सीट पार शेवटपर्यंत मागे नेली.

मॅनेजरने साक्षीदार म्हणून मागे बसावं हा माझा हट्ट होता. तो बसला, माझ्या सीटमागे उरलेल्या जागेत गुडघे कोंबून, हातात फोन घेऊन. आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. पहिली दहा मिनिटं काहीच झालं नाही. टेस्टरच्या कपाळावर घाम आला. मॅनेजर म्हणाला, त्याची मीटिंग आहे. आणि पुलाच्या चढावर, काही आवाज न करता, समोरचे सगळे काटे खाली पडले.

चार सेकंद. अंधारलेली ती काळी काच मी पहिल्यांदा पाहत होते. एकोणीस वेळा ती माझ्या समोर अंधारली होती.

"पाहिलंत?" टेस्टर म्हणाला.

"काय?" मागून मॅनेजर म्हणाला. "मी जरा मेसेज बघत होतो. मला तर सगळं ठीक दिसतंय."

मी मागे वळले. इतक्या आठवड्यांचा राग साठला होता, पण तो कुणावरचा आहे हे मला त्या क्षणी नीट ठाऊक होतं, म्हणून माझा आवाज चढला नाही. "फोन खिशात ठेवा," मी म्हणाले. "आणि मान वर करा. दोष पुन्हा येईपर्यंत मान वरच राहील. मीटिंग होईल नाही तर जाईल."

त्याने फोन खिशात ठेवला. टेस्टरने पुलावरून गाडी वळवून परत आणली, पुन्हा वळवली. तिसऱ्या चढाला काटे पडले आणि मॅनेजरच्या तोंडून आपोआप निघालं, "अरे, गेले."

वर्कशॉपात सीट काढली. खालच्या लोखंडी पट्टीच्या कडेला एक हिरवी वायर घासून घासून सोलली होती. तिळाएवढं तांबं उघडं पडलं होतं. सीट शेवटपर्यंत मागे असली आणि तिच्यावर माणसाचं वजन असलं तरच ते पट्टीला टेकायचं. टेस्टरने मला बोलावून बॅटरीच्या उजेडात ते दाखवलं. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून, डोक्याला डोकं लावून, त्या तिळाकडे बघत होतो.

वायरींचा पूर्ण जुडगा वॉरंटीत बदलायचं ठरलं. मॅनेजरने कागद छापून आणला, त्यावर होतं — किरकोळ जोडणी दुरुस्त केली. मी लाल पेन काढलं, ते शब्द खोडले आणि वर लिहिलं, दोष आढळला. म्हणाले, आता असं छापून आणा. तो म्हणाला, अर्थ एकच आहे. मी म्हणाले, मग छापायला काय हरकत आहे?

नवा कागद हातात घेऊन तिथूनच मामाला फोन लावला आणि शब्दन् शब्द वाचून दाखवला. मामा म्हणाला, बरं झालं. मी म्हणाले, नुसतं बरं झालं नको. ज्यांना ज्यांना भासाचं सांगितलंस त्यांना आज हे सांग. मामा म्हणाला, सांगतो गं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, वॉरंटीच्या शेवटच्या दिवशी, गाडी तयार झाली. टेस्टरने किल्ली दिली आणि जुने चार कागद मागितले. काउंटरवर, मॅनेजरच्या देखत, त्याने प्रत्येक कागदावर आपल्या सहीच्या खाली एकेक ओळ लिहिली. चारही वेळा तीच. अक्षर वळणदार नव्हतं, पण सावकाश काढलेलं होतं.

दोष होता. मला आढळला नाही.

शेवटची चाचणी राहिली होती. मी म्हणाले, मी चालवते, तुम्ही शेजारी बसा. तो बसला, सहा फुटी माणूस, त्यामुळे सीट मागेच राहिली. आम्ही पुलावरून तीनदा गेलो. काटे हलले नाहीत. परत येऊन आवाराच्या टोकाला मी गाडी उभी केली. ऊन उतरत होतं आणि समोरच्या काचेवर त्याच्या बोटांचा एक ठसा चमकत होता.

मी कप्प्यातून वही काढली आणि बाबांच्या शेवटच्या ओळीखाली लिहायला लागले. तारीख. निघालो. पोचलो. हवा — कोरडी. रस्ता — पूल. सोबत... पेन तिथे थांबलं.

"टेस्टर लिहा," तो म्हणाला. "काकांनी तसंच लिहिलंय." मग काचेकडे बघत, "नाहीतर तात्पुरतं काहीतरी लिहा. नंतर बदला."

"तात्पुरतं म्हणजे किती दिवस?"

"वॉरंटी विचारताय?"

"दोष निघाला तर काय, ते विचारतेय."

"शोधत बसेन," तो म्हणाला. आता तो माझ्याकडे बघत होता. "या वेळी पंधरा मिनिटांत उठणार नाही."

मी टेस्टर लिहिलं. शेवटच्या रकान्यात लिहिलं, नाही. शाई वाळेपर्यंत वही उघडी धरली, आणि मग ती ओळ आणि तिच्या वरची ओळ एकदमच दिसली. बुधवारची परतीची फेरी. दोष — नाही. सोबत — लेक, मागे बसली.

माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं, कारण टेस्टरने हळूच दाराची कडी ओढली. मला एकटीला सोडावं असं त्याला वाटलं.

"बसा," मी म्हणाले.

तो बसला. त्याने दार लावून घेतलं आणि आपला हात, तळवा वर करून, आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला. त्या दिवशी दाखवला होता तसाच. नखांच्या कडा काळ्या होत्या. मी तो धरला. मग मान वर केली आणि समोरच्या उजळलेल्या काट्यांकडे बघून, आवारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

"बाबा, तो भास नव्हता. मी मान वर केली नाही."